गाडीचा एक ब्रेक लाइट लागत नाही, गॅरेजवाला आख्खा टेललॅम्प बदला म्हणतो. घरी दुरुस्त होईल का?

होईल. टेललॅम्पचे पैसे इतक्यात कोणाला देऊ नका.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीचा डावा ब्रेक लाइट गेला. माझे दीर म्हणाले, "वहिनी, उजवा लागतोय, मधला लागतोय, पुरे की तेवढं." नाही पुरत. त्याच आठवड्यात पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरत होते. धो धो पाऊस, मागची काच पूर्ण धुरकटलेली, त्यामुळे काचेआडचा मधला दिवा दिसेना. ब्रेक दाबला आणि मागचा टेम्पो हातभर अंतरावर येऊन थांबला. मुलगी मागे बसली होती. टेम्पोवाला म्हणाला, "ताई, एकच दिवा दिसला, मला वाटलं उजवीकडे वळताय."

गॅरेजमध्ये साडेचार हजार सांगितले. घरी आले, डिकी उघडली, दोन स्क्रू काढून लॅम्प बाहेर ओढला. बल्बच्या आतल्या दोन्ही तारा (फिलामेंट) शाबूत. पार्किंग लाइट लावून सासूबाईंना ब्रेक दाबायला बसवलं. त्यांनी पाय ठेवला की पार्किंगचा उजेड जायचा आणि शेजारचा इंडिकेटर मंद पेटायचा. असं दिसलं की अर्थिंग गेलंय समजा: करंटला परतीचा रस्ता नसला की तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. होल्डरच्या पत्तीवर हिरवट थर चढला होता, कारण मागचं रबर फाटून पाणी शिरत होतं. बॅटरीची वायर काढून पत्ती पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, रबर नवं बसवलं. दिवा लागला.

तुमचा बल्बच गेला असेल तर काम आणखी सोपं. बहुतेक जुन्या गाड्यांत 12 व्होल्टचा डबल फिलामेंट बल्ब असतो, 21 वॅट ब्रेकला, 5 वॅट पार्किंगला. त्याच्या पिना खालीवर असतात, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. बसत नसेल तर जोर लावू नका, फिरवून बघा. जुना बल्ब सोबत नेलात तर नाना पेठेत तसाच मिळेल.

तिन्ही दिवे एकदम गेले असतील तर मात्र हे सगळं सोडा. आधी फ्यूज आणि पेडलवरचा स्विच बघा. आणि एलईडीचा सीलबंद लॅम्प असेल तर गॅरेजवाला बरोबर असू शकतो.

पण "एक लागतोय ना" असं घरात कोणी म्हणालं तर ऐकू नका. दिरांना मी तेव्हाच म्हटलं होतं, पावसात रात्री माझ्या गाडीमागून नवले पुलापर्यंत या आणि मग सांगा. ते अजून आलेले नाहीत.