क्लबात सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कापणारं यंत्र, आलाय. दोन धारांचा ६ मिमी बिट (फिरून कापणारं पातं) २४,००० आरपीएमवर आणि १,००० मिमी फीडवर चालवतो. सागवान करपतं, प्लायचे टवके उडतात, बिट मोडतात. शिकायची सुरुवात कुठून करू?

तुम्ही दिलेले आकडे असे आहेत: दोन धारांचा ६ मिमी बिट, २४,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि मिनिटाला १,००० मिमी फीड, म्हणजे बिट लाकडात पुढे सरकण्याचा वेग. करपण्याचं कारण त्यातच आहे. फीडला आरपीएमने भागा, मग धारांच्या संख्येने भागा. उत्तर येतं जेमतेम ०.०२ मिमी. प्रत्येक धारेच्या वाट्याला एवढंच लाकूड आलं की ती कापत नाही, नुसती घासते. घासली की तापते, लाकूड काळं पडतं आणि धारही बोथट होते. आरपीएम १२,००० वर आणा आणि फीड १,९०० करा, म्हणजे हाच आकडा ०.०८ होईल. खोली एका पासला, म्हणजे कापण्याच्या एका फेरीला, २ ते ३ मिमी ठेवा. मशीन थरथरलं तर आधी खोली कमी करा, फीडला हात लावू नका. नवशिके नेमकं उलटं करतात, भीतीपोटी फीड उतरवतात आणि लाकूड आणखी जळतं.

माझ्या मते सॉफ्टवेअरच्या आधी भुसा ओळखायला शिकावं. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) पूर्ण थांबल्यावर चिमूटभर भुसा बोटांत घ्या. पिठासारखा मऊ आणि कोमट लागला तर बिट घासतोय. सुक्या खोबऱ्याच्या किसासारखा लागला तर जमलं. ही परीक्षा सागवान, शिसव, बाभूळ अशा लाकडावर करा. एमडीएफचा (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीचा) भुसा कसाही कापला तरी पीठच निघतो. सागवानात सिलिका असते, त्यामुळे साध्या स्टीलचा बिट त्यात लवकर बोथट होतो. कार्बाइडचाच घ्या.

टवक्यांचं कारण वेगळं. अपकट बिट भुसा वर ओढतो आणि सोबत प्लायचा वरचा पातळ थरही उचलतो. डाउनकट बिट तोच थर खाली दाबत कापतो, कड स्वच्छ येते. मात्र खोल खाचेत भुसा अडकून तापतो, म्हणून व्हॅक्यूमची नळी बिटाजवळ हवी आणि पास उथळ हवेत. कॉम्प्रेशन बिटमध्ये दोन्ही धारा असतात, पण टोकाकडचा अपकट भाग बुडेल इतका पहिला पास खोल घ्यावा लागतो. हलक्या मशीनला ते झेपत नाही. तुम्ही डाउनकटच वापरा.

बिट मोडतात तिथे आधी कॉलेट, म्हणजे बिटाची दांडी पकडणारी चिरा असलेली नळी, बघा. ईआर ११ मापाचा कॉलेट प्रथम नटमध्ये तिरका धरून टक् आवाज येईपर्यंत बसवायचा, मग नट स्पिंडलवर दोन आटे फिरवायचा आणि त्यानंतर बिट घालायचा. कॉलेट नुसता स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळला तर तो वाकडा बसतो, बिट डगमगत फिरतो आणि पहिल्या खोल पासला मोडतो. ६ मिमीची दांडी ६.३५ च्या कॉलेटमध्ये कधीही घालू नका. आवळली गेल्यासारखी वाटते, पण कापताना सरकते. दुसरं कारण म्हणजे लाकडात सरळ खाली घुसणं. कॅममध्ये (बिटाचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) रॅम्प निवडा, म्हणजे बिट उतारावरून शिरेल. तिसरं, कापून सुटलेला तुकडा बिटावर आदळतो. त्यासाठी ३ मिमी जाड, ८ मिमी रुंद टॅब, म्हणजे तुकडा धरून ठेवणारे न कापलेले जोड, ठेवा आणि नंतर पटाशीने तोडा.

आरपार कापायचं असेल तर झेड शून्य (जिथून उंची-खोली मोजली जाते तो बिंदू) लाकडाच्या वरच्या पृष्ठभागावर न घेता खालच्या बळी फळीवर, म्हणजे टेबल वाचवायला लाकडाखाली ठेवलेल्या फळीवर, घ्या. १८ मिमी म्हणून विकलेला प्लाय अनेकदा त्याहून पातळ भरतो, तेव्हा खाचांची मापंही व्हर्नियर लावूनच काढा. आतल्या कोपऱ्यात ६ मिमी बिट ३ मिमीची गोलाई सोडतोच. सांधा बसवायचा तर ड्रॉइंगमध्ये डॉगबोन (कोपऱ्यात थोडी जास्तीची गोल खाच) द्या किंवा कोपरा पटाशीने काढा.

हातमोजे नकोत, सैल बाही नको. एन ९५ मास्क आणि चष्मा हवाच. मशीन चालू ठेवून चहाला जाऊ नका. करपलेल्या भुशाची ठिणगी व्हॅक्यूमच्या पिशवीत गेली तर पिशवी आतून धुमसत राहते.

पहिला तुकडा म्हणून गणपतीचं कोरीव काम घेऊ नका. १०० मिमीचा साधा चौरस कापा. आधी झेड शून्य लाकडाच्या जाडीहून किमान १० मिमी जास्त वर उचलून प्रोग्रॅम हवेत चालवा आणि प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जी२१ (मापं मिमीत धरण्याची आज्ञा) आहे ना ते पाहा. जी२० असेल तर मशीन सगळी मापं इंचात धरेल. कापल्यावर दोन्ही कर्ण मोजा, १४१.४ भरायला हवेत. दोन्ही एकमेकांसारखे पण १४१.४ पेक्षा कमी-जास्त असतील तर बिटाचा खरा व्यास मोजून कॅममध्ये टाका. एक लांब, एक आखूड असेल तर गॅन्ट्री (स्पिंडल वाहून नेणारा आडवा पूल) गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. ती सरळ केल्याशिवाय पुढचं काही कापू नका.