मेक्सिकोतल्या ला पाझच्या मरीनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या छोट्या बंदरात, बोटीवर राहायचं ठरवलंय, तर

सगळ्यात आधी बोट धक्क्याला बांधायचे दोर बघा. पूर्व पॅसिफिकचा वादळी हंगाम १५ मे ते ३० नोव्हेंबर. सप्टेंबर २०१४ च्या ओडिल वादळात ला पाझच्या खाडीत नांगरलेल्या बोटी बुडाल्या, माणसंही गेली. पण वादळाचीच वाट कशाला बघायची? उन्हाळ्यात इथे रात्री दक्षिणेकडून कोरोमुएल वारा सुटतो आणि बोट पहाटेपर्यंत दोरांना हिसके देत राहते. दोर बोटीच्या काठावर जिथे घासतो, नेमक्या तिथे जुन्या जाड पाइपचा तुकडा चढवा आणि सकाळी हात फिरवून बघा. तंतू पिंजारलेले लागले तर दोर त्याच दिवशी बदला. यात काटकसर नको, अगदी कळकळीने सांगतोय.

धक्क्यावरची वीज जोडली की बोटीचे धातूचे भाग गंजू नयेत म्हणून पाण्याखाली लावलेलं झिंक (जस्त) लवकर झिजू शकतं. पाणबुड्याकडून नियमित तपासून घ्या. कागदपत्रांत गल्लत करू नका: बोटीचा तात्पुरता आयात परवाना १० वर्षांचा, तुमचा पर्यटक परवाना जास्तीत जास्त १८० दिवसांचा. किराण्याचे पुठ्ठ्याचे खोके धक्क्यावरच रिकामे करा, घड्यांत झुरळांची अंडी असू शकतात. आणि सकाळी बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओचं चॅनेल २२ लावा. हवामान कळतं, अडचण विचारली तर कुणी ना कुणी मदतीला येतंच.