हिटलर 1940 मध्ये इंग्लंडमध्ये उतरू शकला असता का? वाचकांचे प्रश्न

इंग्लंडवर समुद्रातून चढाई करायच्या जर्मन प्लॅनचं नाव होतं सी लायन. तो कधी अमलात आलाच नाही, तरी त्यावर प्रश्न भरपूर येतात. माझं उत्तर आधीच सांगतो, नाही जमलं असतं. का ते खाली.

प्रश्न: फ्रान्समधल्या डंकर्क बंदरातून सैन्य सोडवून आणल्यानंतर इंग्रजांकडे तोफा, रणगाडे काहीच उरलं नव्हतं. जर्मनांनी जूनमध्येच लगेच हल्ला का नाही केला?

इंग्रज सैन्याची हालत खराब होती हे अगदी खरं, 3 लाख 38 हजार माणसं सुटून आली पण तोफा आणि गाड्या जवळजवळ सगळ्या फ्रान्समध्येच राहिल्या. पण जर्मन येणार कशातून? जूनमध्ये प्लॅनच तयार नव्हता, हिटलरचा आदेश निघाला 16 जुलैला, तोपर्यंत इंग्लंड तह करेल अशी त्याला आशा होती. पॅराट्रूपर (छत्रीधारी सैनिक) म्हणाल तर एकट्या हॉलंडच्या लढाईत त्यांची दोनशेच्या वर ट्रान्सपोर्ट विमानं गेली होती. आणि नौदलाचं तर नॉर्वेच्या मोहिमेत कंबरडंच मोडलं होतं. ब्ल्यूखर ही क्रूझर (मोठी युद्धनौका) बुडाली, नॉर्वेतल्या नार्विकला 10 डिस्ट्रॉयर (लहान, वेगवान युद्धनौका) गेल्या म्हणजे त्यांच्याकडे होत्या त्यातल्या जवळपास निम्म्या, आणि शार्नहोर्स्ट, ग्नायझेनाऊ या दोन मोठ्या युद्धनौका टॉर्पेडो लागून दुरुस्तीला. लोक फक्त इंग्रजांचं नुकसान मोजतात, हे मोजतच नाहीत.

प्रश्न: नदीतल्या बोटींनी चॅनेल (इंग्लंड आणि फ्रान्समधली सामुद्रधुनी) ओलांडणार होते हे खरं का?

हो, खरं आहे. ऱ्हाईन नदी आणि हॉलंड, बेल्जियम, फ्रान्सच्या कालव्यांमधून सुमारे 2,400 बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू बोटी) गोळा केले, पुढचा भाग कापून रॅम्प बसवले, पण बहुतेकांना इंजिनच नाही, मग टगबोटीने ओढत न्यायचे. स्पीड ताशी चार-पाच किलोमीटर, आणि चॅनेलमधला भरती-ओहोटीचा प्रवाहच कित्येकदा यापेक्षा जोरात असतो, त्यात हे सगळं रात्री, शेकडो बोटींची रांग सांभाळत करायचं! पहिल्या लाटेत 9 डिव्हिजन (हजारो सैनिकांची एकेक तुकडी) आणि सोबत हजारो घोडे, कारण जर्मन सैन्याची बरीचशी वाहतूक तेव्हा घोड्यांवरच चालायची. त्यात सैन्य एका रात्रीत किनाऱ्यावर आलं म्हणून काम संपत नाही. रोजचा दारूगोळा, पेट्रोल, अन्न, घोड्यांचा चारा हे सगळं त्याच बार्जमधून, त्याच वाटेने, पुढचे कित्येक आठवडे आणायचं, आणि एखादं बंदर हाती लागलंच तर ते इंग्रजांनी मोडूनच सोडलेलं असणार. म्हणून मला विचाराल तर सैन्य उतरेल का यापेक्षा दहाव्या दिवशी ते खाणार काय, लढणार कशाने, हा खरा प्रश्न आहे.

प्रश्न: जर्मन हवाईदलाचा प्रमुख गोअरिंग 7 सप्टेंबरला विमानतळांवरचे हल्ले सोडून लंडनकडे वळला नसता तर आरएएफ (ब्रिटिश हवाईदल) संपलं असतं, मग रॉयल नेव्हीला (ब्रिटिश नौदलाला) विमानांनीच बुडवलं असतं ना? प्रिन्स ऑफ वेल्स ही ब्रिटिश युद्धनौका तशीच बुडाली.

चांगला प्रश्न, यावर जरा थांबतो. समजा इंग्लंडच्या आग्नेय टोकाच्या केंटमधले विमानतळ बंद पडले, तर फायटर थेम्सच्या उत्तरेला मागे नेता आले असते, तिथवर जर्मन फायटरची रेंज पुरत नव्हती, आणि हल्ल्याच्या दिवशी ती विमानं पुन्हा हजर. प्रिन्स ऑफ वेल्स बुडवली डिसेंबर 1941 मध्ये जपानी नौदलाच्या विमानांनी, टॉर्पेडो टाकून, आणि त्या कामाचं खास ट्रेनिंग घेतलेले वैमानिक होते ते. जर्मनांकडे 1940 मध्ये अशी विमानं नावापुरतीच होती. पळत्या जहाजावर वरून बॉम्ब टाकणं अवघड, रात्री तर विचारूच नका, आणि हार्विच, शीअरनेस, पोर्ट्समथ या बंदरांतून डिस्ट्रॉयर रात्रीतच येणार होत्या.

मे 1941 मधलं ग्रीसचं क्रीट बेट बघा, जर्मनांनी त्यावर हल्ला केला तेव्हाचं. आकाश पूर्ण जर्मनांचं, तरी 21 मेच्या रात्री सैनिक घेऊन निघालेला बोटींचा ताफा ब्रिटिश जहाजांनी उधळला, दुसरा अर्ध्यातून परत फिरला. त्या लढाईत विमानांच्या हल्ल्यांत 3 क्रूझर आणि 6 डिस्ट्रॉयर गेल्या, म्हणजे नेव्हीला जबर किंमत पडली, पण ती मागे हटली नाही. बेट पडलं ते विमानाने उतरलेल्या सैन्यामुळे. दक्षिण इंग्लंडमध्ये 9 डिव्हिजन विमानाने पोसणं शक्यच नव्हतं.

प्रश्न: याचा कुणी वॉरगेम (नकाशावर खेळून पाहिलेली लढाई) केला होता का?

केला होता, 1974 मध्ये सँडहर्स्टच्या ब्रिटिश लष्करी अकादमीत. पंचांमध्ये हवाईदलाचे गॅलंड आणि नौदलाचे रूगे हे स्वतः त्या युद्धात लढलेले जर्मन अधिकारीही होते. त्यात पहिली लाट उतरली, सुमारे 90 हजार माणसं, पण नेव्ही चॅनेलमध्ये आल्यावर दुसरी लाट येऊच शकली नाही. फ्रान्सला परतले जेमतेम 15 हजार.

प्रश्न: मग हे सगळं नुसतं घाबरवायला होतं?

मला नाही वाटत. इतके बार्ज काढून घेतले की जर्मनीच्या स्वतःच्या मालवाहतुकीला त्याचा फटका बसला, नुसत्या देखाव्यासाठी एवढं कोण करतं? पाण्याखालून चालणारे रणगाडेही खास याच मोहिमेसाठी बनवले होते. 17 सप्टेंबरला हिटलरने मोहीम बेमुदत पुढे ढकलली, ऑक्टोबरमध्ये थेट पुढच्या वसंतावर नेली, आणि ते रणगाडे शेवटी जून 1941 मध्ये बुग नदी ओलांडून रशियात शिरायला वापरले गेले.