टांझानियातल्या लग्नाला जाण्याआधी स्वाहिली कोणती शिकावी?

तुम्ही लिहिलंय की नोकरीनिमित्त नुकतेच दार-एस-सलामला आलात, ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या बहिणीचं लग्न आहे, भाषेचा गंध नाही आणि समारंभात उपयोगी पडतील अशी रोजची वाक्यं हवी आहेत. मी इथे बरीच वर्षं राहते. लग्नं, ईद, नातवंडांची कौतुकं, सगळीकडे बोलावणं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुटं वाक्य पाठ करू नका, वाक्य आणि त्याचं उत्तर अशी जोडी पाठ करा. नेटवरच्या याद्यांत ‘अभिनंदन’ला काय म्हणतात ते मिळतं, पण समोरच्याने काही म्हटल्यावर आपण काय म्हणायचं ते नसतं. स्वाहिलीत बहुतेक प्रत्येक शुभशब्दाचं उत्तर ठरलेलं आहे आणि माणसं त्या उत्तराची वाट बघत थांबतात.

सगळ्यात आधी ‘शिकामो’. आजी-आजोबा, आई-वडील, वयाने मोठं कुणीही दिसलं की हे आपण आधी म्हणायचं. ते ‘मराहाबा’ म्हणतात. आपल्याकडे वाकून नमस्कार केल्यावर मोठी माणसं जशी तोंडभर आशीर्वाद देतात, तसा त्यांचा चेहरा होतो. टांझानियात याला फार मान आहे. बाकी काही जमलं नाही तरी एवढं चुकवू नका. बरोबरीच्यांना ‘हबारी’, म्हणजे काय खबर, विचारा, उत्तर ‘न्झुरी’, म्हणजे छान. तरुण मंडळी तुम्हाला ‘मांबो’ म्हणतील, त्यांना ‘पोआ’ म्हणा. मोठ्यांना मात्र ‘मांबो’ म्हणू नका.

अभिनंदनाचा शब्द ‘होंगेरा’. एकालाच म्हणायचं तर होंगेरा, नवरा-नवरी दोघांना किंवा घरच्या सगळ्यांना ‘होंगेरेनी’. हे शेवटचं ‘नी’ अनेकवचनाचं. तसंच ‘करीबू’, म्हणजे या, स्वागत आहे, याचं ‘करिबूनी’ आणि ‘असांते’, म्हणजे आभार, याचं ‘असांतेनी’ होतं. जोर नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो, त्यामुळे ‘नी’ लागला की जोर पुढे सरकतो. तुम्ही होंगेरेनी म्हटलंत की ते ‘असांते’ म्हणतील. अभिनंदन फक्त नवरा-नवरीचं करून थांबू नका, आई-वडिलांचं, भावंडांचं, तुमच्या सहकाऱ्याचंही करा. जरा मोठं वाक्य म्हणायची हौस असेल तर ‘मुंगू आइबारिकी न्दोआ येनू’, देव तुमच्या संसाराला आशीर्वाद देवो. यावर आजूबाजूचे सगळे ‘आमीना’ म्हणतात. दुसऱ्या कुणी आशीर्वाद दिला तर तुम्हीही मोठ्याने ‘आमीना’ म्हणा.

माझी सगळ्यात आवडती जोडी यादीत सहसा सापडत नाही. लग्न घरी असेल तर मागच्या अंगणात बायका मोठाल्या पातेल्यांत पिलाव शिजवत असतात, धुराने डोळे लाल झालेले, कमरेला कांगा, म्हणजे इथल्या बायकांचं छापील सुती वस्त्र, घट्ट गुंडाळलेली. तिथे जाऊन म्हणायचं, ‘पोलेनी ना काझी’. तुमच्या श्रमांची जाणीव आहे, असा त्याचा भाव. ‘असांते’ किंवा ‘निमेशापोआ’ असं उत्तर येतं, म्हणजे आता बरं वाटलं. मांडवात फोटो काढत बसलेल्या पाहुण्यापेक्षा हे म्हणायला मागे गेलेला पाहुणा त्या घराच्या कायमचा लक्षात राहतो.

आता वेळेचं, कारण इथे खरोखर फसगत होते. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. कुणी ‘सा कुमी ना म्बिली जिओनी’ म्हणालं तर शब्दशः संध्याकाळचे बारा, पण आपल्या घड्याळात सहा. ‘सा म्बिली उसिकू’ म्हणजे रात्रीचे आठ. सहा तासांचा फरक धरा. इंग्रजी पत्रिकेवर नेहमीचीच वेळ असते, घोटाळा तोंडी सांगण्यात होतो. पत्रिकेवर ‘सिंगल’ की ‘डबल’ हेही बघा, किती जणांनी यायचं ते त्यावरून कळतं.

आमंत्रणाच्या बरोबरीने किंवा त्याच्याही आधी ‘म्चांगो’ मागितला जाईल, म्हणजे लग्नखर्चातला वाटा. त्यासाठी समिती असते, व्हॉट्सअॅप गट असतो, पैसे मोबाइलवरून जातात. आपल्या आहेरासारखंच, फक्त आधी द्यायचं. यात संकोच वाटून घेऊ नका, देणाऱ्याला आपलंच कार्य वाटावं हा त्यामागचा अर्थ आहे आणि मला ही पद्धत मनापासून आवडते.

हॉलमधल्या समारंभात सूत्रसंचालकाचं राज्य असतं. तो ‘माकोफी’ म्हणाला की टाळ्या, ‘विगेलेगेले’ म्हणाला की बायका जीभ हलवून तो उंच, थरथरता आवाज काढतात. अहेर द्यायला लोक रांगेने नाचत नाचत मंचापर्यंत जातात. तुम्हीही नाचा, चालत गेलात तर विचित्र दिसेल. मुलीकडचे चागा असतील, म्हणजे किलिमांजारोच्या बाजूचे, तर ‘न्दाफू’ येईल. अख्खा भाजलेला बोकड, तोंडात हिरवा पाला, वाजतगाजत आणून केकसारखा कापतात. शाकाहारी असाल तर मनाची तयारी ठेवा.

शाकाहाऱ्यांसाठी वाक्य ‘सिली न्यामा’, मी मांस खात नाही. पण नुसतं एवढं म्हटलंत तर प्रेमाने कोंबडी वाढतील, कारण रोजच्या बोलण्यात न्यामा म्हणजे गायी-बकऱ्याचं मटण. म्हणून पुढे जोडा, ‘वाला कुकू, वाला सामाकी’, कोंबडीही नाही, मासाही नाही. मग वाली, म्हणजे भात, माहारागे, म्हणजे राजम्यासारखी उसळ, चपाती आणि कचुंबरी मिळते आणि पोट छान भरतं. आग्रह झाला तर ‘किडोगो तू’, थोडंच. पुरे झालं की ‘असांते, निमेशिबा’, पोट भरलं. जेवण उजव्या हाताने, हे वेगळं सांगायला नको.

अहेर म्हणून कांगा द्यायची असेल तर कारियाकोच्या बाजारात जा. कांगा जोडीने येते, त्या जोडीला ‘डोटी’ म्हणतात, आणि प्रत्येक कांगेच्या खालच्या काठाजवळ एक ओळ छापलेली असते. विकत घेण्याआधी ती ओळ दुकानदाराकडून समजून घ्या. काहींवर आशीर्वाद असतो, काहींवर सवतीला किंवा शेजारणीला मारलेला टोमणा. लग्नात ती ओळ सगळ्याजणी वाचतात.

निघताना ‘असांतेनी क्वा कुनिआलिका’, मला बोलावलंत म्हणून आभार, आणि ‘क्वाहेरी’.

लग्नाखेरीज वर्षभर लागेल ते थोडक्यात. कुठलाही सण असो, ‘सिकूकू न्जेमा’ चालतं. नाताळला ‘क्रिस्मसी न्जेमा’, नव्या वर्षाला ‘हेरी या म्वाका म्पिया’, वाढदिवसाला ‘हेरी या सिकू या कुझालिवा’. ईदला ‘ईदी मुबारक’, आणि शेजारची मुलं दारात येऊन ‘म्कोनो वा ईदी’ म्हणाली तर त्यांना ईदी हवी असते. त्या दिवशी घरात सुट्या नोटा काढून ठेवा.