आधी बीपीएस की आधी नोंदणी?

पुण्यातून मानसशास्त्रात एमए, मग फॉरेन्सिक लॅबमध्ये पॉलिग्राफचं काम, आणि आता इंग्लंडला यायचंय. तर ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीचं, म्हणजे बीपीएसचं, सदस्यत्व आत्ताच घेऊन ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. नको. ती व्यावसायिकांची संस्था आहे, परवाना देत नाही. 'फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट' हे बिरुद इथे कायद्याने राखीव आहे. २००९ पासून ते लावायला एचसीपीसी या नियामक मंडळाच्या रजिस्टरवर नाव लागतं. नुसतं 'सायकॉलॉजिस्ट' मात्र कुणीही लावावं, त्याला अडकाठी नाही!

तरी बीपीएसशी गाठ पडणारच. तुमची पदवी इथल्या पदवीच्या तोडीची आहे का, हे तेच ठरवतात. त्या मान्यतेला सगळे 'जीबीसी' (ग्रॅज्युएट बेसिस फॉर चार्टर्ड मेंबरशिप) म्हणतात. ते मिळालं नाही तर आधी पदवीतली उणीव भरून काढणारा कन्व्हर्जन कोर्स, म्हणजे आणखी फी. मिळालं तर फॉरेन्सिकमधली मान्यताप्राप्त एमएस्सी, आणि त्यानंतर पर्यवेक्षकाच्या हाताखाली साधारण दोन वर्षं काम. बीपीएसमधला फॉरेन्सिक विभाग १९७७ मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झाला, आताचं नाव १९९९चं. त्याच्या परिषदा, ओळखीपाळखी कामाच्या आहेत, पण इथे आल्यावर.

कामाचं स्वरूपही समजून घ्या. आपल्याकडे या क्षेत्रात पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग, नार्को हेच डोळ्यांपुढे येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सेल्वी निकालानंतर तेही संमतीशिवाय करता येत नाही. इथे मुख्य काम तुरुंगात किंवा सुरक्षित रुग्णालयात. माणूस पुन्हा गुन्हा करेल का, कशाने करेल, हे एचसीआर-२० सारख्या, हिंसेची जोखीम जोखणाऱ्या साधनांनी तपासायचं, अहवाल लिहायचा आणि कैद्याला सोडायचं का हे ठरवणाऱ्या पॅरोल बोर्डापुढे त्यावरचे प्रश्न झेलायचे. थोडक्यात, लिखाण प्रचंड. तुमचा लॅबचा अनुभव वाया जाणार नाही, पण त्याच्या जोरावर थेट नोंदणी होईल असं धरून चालू नका.

खरी अडचण व्हिसाची. १ जानेवारी २०२७ पासून एमएस्सीनंतर इथे राहून काम करू देणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसासाठी अर्ज केला तर १८ महिनेच मिळणार, म्हणजे ती दोन वर्षं त्यात बसतच नाहीत. एमएस्सीच्या व्हिसावर नवरा-मुलांनाही आणता येत नाही. राष्ट्रकुलातले म्हणून तुरुंग खात्यातल्या बऱ्याच जागांना भारतीय नागरिक पात्र असतात, पण व्हिसा प्रायोजकत्व ही वेगळी बाब. जाहिरातीत ते स्पष्ट लिहिलंय का बघा. शिवाय सुरक्षा तपासणीला वेळ लागतो.

तेव्हा आत्ता विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट आणि विषयवार अभ्यासक्रम मिळवा, जीबीसीचा अर्ज करा. उत्तर येईपर्यंत शैक्षणिक कर्जावर सही करू नका.