पाळकसाहेबांचा झगा: आधी चर्च विचारा, मग कात्री

ताई, तुमचा प्रश्न असा: आजवर शाळेचे गणवेश शिवलेत, आता पहिल्यांदाच चर्चची ऑर्डर आलीय, पांढरा झगा आणि चार रंगांचे स्टोल (गळ्यातून पुढे सोडायच्या लांब पट्ट्या), कापड कुठलं घ्यावं? त्याआधी एक फोन करा. चर्च कुठलं ते विचारा.

कॅथलिक फादर असतील तर मिस्सेला, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेला, आल्ब हा पायघोळ पांढरा झगा, त्यावर स्टोल आणि सगळ्यांवर कॅझ्युबल हा घोळदार बाह्यवेश. 'कासुला' म्हणजे लॅटिनमध्ये छोटंसं घर, त्यावरून हे नाव. बेतायला बसलात की पटेल! आपल्या सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या मंडळ्या आहेत, त्या १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या एकत्रित चर्चमध्ये, आल्या. त्या चर्चमध्ये झगा-स्टोल घालणारे अँग्लिकन वळणाचे पाळक आहेत, तसे साधेपणा जपणारेही. तेव्हा पाळकसाहेबांनाच विचारा.

झगा सोपा आहे. फक्त मुंढा, म्हणजे बाही जोडतो ती जागा, सैल ठेवा. प्रार्थनेत दोन्ही हात वर जातात, मुंढा घट्ट असला की खालचा घेर वर चढतो आणि पँट दिसते. आपल्याकडचा मे महिना आठवा आणि सुती कापडच घ्या. आधी भिजवून, आटवून.

खरी परीक्षा स्टोलची. माझा पहिला स्टोल मी सरळ पट्टीच कापली होती, वर आतून जाड बकरम, म्हणजे कडक अस्तर. खांद्यावरून सारखा घसरायचा, आणि पाळकसाहेब वाकले की पट्ट्या फळीसारख्या पुढे यायच्या. पहिल्या धुण्यात बकरम आटलं, वर फुगे आले. पैसे परत केले. तेव्हापासून मानेमागे तिरका जोड देते, आत मऊ अस्तर घालते आणि मानेपाशी टाचून काढता येईल अशी सुती पट्टी लावते, घाम तीच पिते. ऑर्डर डीकनची, म्हणजे फादरच्या खालच्या पायरीच्या सेवकाची असेल तर स्टोल डाव्या खांद्यावरून तिरका घालतात, उजव्या कुशीला टाका लागतो.

रंग दिवसाउजेडी निवडा, ट्यूबलाइटखाली जांभळा फसवतो. तो नाताळाआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळासाठी. नाताळ-ईस्टरला पांढरा, पेन्टेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाला, लाल. हिरवा वर्षातले सगळ्यात जास्त रविवार वापरला जातो, म्हणून चांगलं कापड त्यालाच घाला.

आणि हो, भारतातल्या कॅथलिकांना रोमने १९६९ साली कॅझ्युबलऐवजी साधा झगा आणि अंगवस्त्राचीही मुभा दिली. तशी ऑर्डर आली तर काम निम्मं. पण काठाची शिलाई हातानेच घाला, आणि तिचे पैसे वेगळे सांगा.