मचाणावर कुठली दुर्बीण न्यावी?

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसायला मिळणार आहे. घरी १० बाय २५ ची दुर्बीण आहे. दुकानदार म्हणतो, २० पटीची घ्या. घेऊ का? (नागपूर)

नका घेऊ. २० पटीला हातातला कंपही २० पट दिसतो, आणि मचाण काय स्थिर असतं होय! पहिला आकडा मोठेपणाचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा, की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी कळते. तुमच्या दुर्बिणीत ती २.५ मिमी, ८ बाय ४२ मध्ये ५.२५. अंधारात तरुणांची बाहुली ७ मिमीपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर साधारण ५ च्या आसपास. म्हणून ८ बाय ४२ घ्या, उसनी मिळाली तरी चालेल.

एकदा पाणवठ्याकाठचा एक दगड मी दहा मिनिटं नुसत्या डोळ्यांनी बघत होतो. शेजाऱ्याची ८ बाय ४२ लावली तर दगडाला केस होते. अस्वल! पाणी पिऊन ते उठलं तेव्हा छातीवरचा पांढरा व्हीसुद्धा दिसला.

दोन्हींवर ८ बाय ४२ लिहिलंय. एक सहा हजारांची, दुसरी चाळीस हजारांची. फरक कशाचा? (पुणे)

काचेचा आणि त्यावरच्या कोटिंगचा. (थोडा नावाचाही, ते सोडा.) कोटिंग नसेल तर काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. दुर्बिणीच्या एका नळीत असे दहा पृष्ठभाग धरले, तरी तिसरा हिस्सा प्रकाश वाटेतच गेला. चांगल्या बहुपदरी कोटिंगने हीच गळती पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्याच्या आत येते. दुपारी फरक फारसा जाणवत नाही, तिन्हीसांजेला जाणवतो.

दुकानात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पुढच्या भिंगात बघा. पांढरंफेक दिसलं तर कोटिंग नाही. मंद हिरवट-जांभळं दिसलं तर आहे. लालभडक चकाकणारी काच हातातही धरू नका. मग दुर्बीण हातभर लांब धरून आयपीसमधले (डोळ्याकडच्या भिंगातले) उजळ ठिपके बघा. कडा कापल्यासारख्या दिसल्या तर आतलं प्रिझम हलक्या प्रतीचं. शेवटी बाहेर येऊन विजेच्या तारेवरचा कावळा बघा. कावळ्याला जांभळी किनार जितकी कमी तितकी काच चांगली. ईडी काचेचे (रंग कमी फाकवणाऱ्या) जादा पैसे त्यासाठीच असतात.

मी मिनेसोटात असतो. सहकाऱ्याबरोबर हरणाच्या शिकारीला जाणार आहे, परवाना काढलाय. रायफलवर स्कोप असताना वेगळी दुर्बीण कशाला?

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आहे, पण तुमचा प्रश्न रास्त आहे. स्कोपमधून हरीण शोधायचं म्हणजे जे जे बघाल त्यावर नळी रोखायची. झुडपामागे हललेला माणूस असला तर? शोधायचं दुर्बिणीने, स्कोप नेम धरण्यापुरता. सहकारी स्कोपनेच शोधत असेल, तर त्याच्यापुढे चालू नका. ३-९ बाय ४० चा स्कोप असेल तर संध्याकाळी ९ वर ठेवू नका, झोत जेमतेम ४.४ मिमीचा उरतो. ६ वर आणा, ६.७ होईल.

दाजीपूरला गाइडला गवे दिसतात, मला नाही. डोळे तपासलेत. (कोल्हापूर)

तुम्ही अख्खा गवा शोधताय. झाडीत सगळं उभं असतं, तिथे आडवी रेघ शोधा, ती पाठ असते. नाहीतर खाली बघा, गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे असतात, मोजे घातल्यासारखे. किंवा फडफडणारा एकच कान. आधी नुसत्या डोळ्यांनी जागा धरा, मग नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. दुर्बीण लावून जंगल चाळत बसलात तर पानंच दिसतील.

पावसाळ्यात भिंगावर बुरशी येते. (रत्नागिरी)

चामड्याच्या केसमधून आधी बाहेर काढा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, आणि जेल अधूनमधून तापवून कोरडं करा. आत बुरशी धरली असेल तर घरी स्क्रू खोलू नका, लगेच दुरुस्तीला द्या. उशीर केलात तर ती कोटिंग खाते.